आईनं तपासलेला गेम

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो भातझोडणीच्या दिवसांत. त्यामुळे त्या यंत्राची आठवण मला अजूनही ओल्या पेंढ्याच्या वासासकट येते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तळेगावच्या एका कंपनीत स्टोअरला होते. कंपनीनं ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्यातला एक अण्णांनी गोधडीत गुंडाळला आणि कामशेतहून आमच्या गावच्या, वडिवळ्याच्या जीपमध्ये मांडीवर धरून आणला. ठेवायला घरात धड जागा नव्हती. शेवटी आईच्या शिलाई मशीनचं डोकं आत दुमडून वरच्या फळीवर त्याची स्थापना झाली. फळीच्या वर खिडकी होती. खिडकीतून आमचं खाचर दिसायचं, खाचरापलीकडे धरणाचं पाणी, पाण्यापलीकडे डोंगर. थंडीत सकाळी पाण्यावरून धुकं उठायचं आणि खिडकी नुसती पांढरी होऊन जायची. तिच्या खाली पडद्यावर मात्र हिरवंगार रान उजळलेलं. मला वाटायचं, आपले डोंगर, पाणी, खाचरं सगळी खिडकीतून उतरून पडद्यात जाऊन निजली असावीत, आणि उन्हं वर आली की एकेक करून परत आपल्या जागी जात असावीत.

ते रान एका गेममधलं होतं. माझा मोठा भाऊ मिलिंद, आम्ही त्याला मिल्या म्हणायचो, त्यानं कामशेतच्या शाळेतल्या मित्राकडून त्याची सीडी आणली होती. नदीकाठी मोकळी जमीन, तीनचार झोपड्या आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. त्यांना कामं नेमून द्यायची. कुणी लाकूड तोडायचं, कुणी दगड काढायचा, कुणी शेत लावायचं. कोठार बांधायचं, वस्ती वाढवायची. नदीच्या पलीकडच्या काठाला दुसरी वस्ती होती. तिच्याशी देवघेव करायची की तिच्यावर चालून जायचं, ते आपण ठरवायचं. माणसावर बाण नेऊन दाबलं की ते ‘हं’ असा हुंकार द्यायचं, आपल्या गावातली माणसं काम करता करता देतात तसाच. लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडीचा ठक ठक आवाज आत चालायचा आणि बाहेर खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा धप् धप् आवाज. दुपारच्या गुंगीत मला ते दोन्ही आवाज वेगळे काढता यायचे नाहीत.

“ह्याला स्ट्रॅटेजी गेम म्हणत्यात,” मिल्यानं आईला सांगितलं.

“म्हंजी?”

“म्हंजी डोकं लावायचं. पुढं काय हुईल ते बघून आत्ता काय करायचं ते ठरवायचं.”

“म्हंजी घर चालवायचं,” आई म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली.

आई गावच्या अंगणवाडीची ताई होती. बारक्या पोरांच्या हातात काय द्यावं आणि काय देऊ नये, हे तिचं रोजचं काम. तालुक्याहून खेळण्यांची पेटी आली की ती एकेक लाकडी ठोकळा उचलून आधी स्वतःच्या गालावरून फिरवायची. कुठं कुसळ निघालंय का, कोपरा टोचतो का, रंग हाताला लागतो का, ते सगळं तिच्या गालाला कळायचं. मग रंगाचा वास घ्यायची. न पटलेलं खेळणं ती परत पेटीत ठेवायची आणि पेटी कपाटावर चढवायची. यात कुणाचं चालायचं नाही.

म्हणून गावातली पोरं आमच्या खिडकीशी जमायला लागली तेव्हा बायका तिलाच विचारायला आल्या. शेजारच्या पारूकाकूंची दोन लेकरं तर जेवणाच्या वेळेलाही घरी सापडेनात. पारूकाकू कडेवर पाण्याची कळशी तशीच धरून दारात उभ्या राहिल्या. “ताई, त्या तुमच्या टीव्हीत पोरं बघत्यात ते बरं का वाईट? आमाला काय कळतंय. तुमी सांगाल तसं करू.”

“मला बी ठावं न्हाई अजून,” आई म्हणाली. “मी खेळून बघते. मग सांगते.”

हल्ली मी लोणावळ्याला राहते. आमच्या सोसायटीत बरीच तरुण जोडपी आहेत आणि त्यांची लेकरं पाळण्यातून थेट टॅबलेटवर उतरतात. मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून त्यातल्या कुणी ना कुणी जिन्यात गाठून मोबाइल पुढे करतं. “मॅडम, हा गेम सहा वर्षांच्या मुलाला द्यावा का?” गेमच्या चित्राखाली वयाचा आकडा छापलेला असतो. तो वाचून दाखवला की त्यांचं समाधान होत नाही, आणि माझंही होत नाही. आई डोळ्यांसमोर येते, पदर खोचून, पडद्याला नाक लावून बसलेली.

दुपारी अंगणवाडी सुटली की ती हातपाय धुऊन तिथं बसायची. शेजारी स्टुलावर मी, इंग्रजी वाचायला. मी सातवीत होते आणि माझं इंग्रजी जेमतेम होतं, पण आईचं काम भागायचं. तिनं सगळ्यात आधी विहीर बांधली. मग घरं एकमेकांना लागून बांधली, कारण लांब लांब घरं बांधली तर बायांनी बोलायचं कुणाशी. मग शाळा बांधली. मिल्या डोक्याला हात लावून बसला, कारण कोठार बांधायच्या आधी शाळा बांधणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. व्हायचं तेच झालं. थंडी आली, धान्य संपलं आणि एकेका माणसाच्या डोक्यावर रिकाम्या वाटीचं चित्र उमटायला लागलं. आई त्या वाट्यांकडं बघत राहिली. मग उठून खळ्यावर गेली, पेंढ्याच्या उडवीला टेकून बसली. मी मागून गेले.

“आपुन आत्ता जेवलो,” ती म्हणाली, “आन् ती उपाशी ऱ्हायली. खरी न्हाईत ते ठावं हाय मला. तरी कसंतरीच होतंय गं.”

दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्यापासून डाव मांडला, आधी कोठार बांधलं, आणि मग तिची वस्ती अशी बहरली की मिल्याही मान डोलवायला लागला. संध्याकाळी अण्णा कामावरून आले की चहाचा पेला घेऊन तिच्या मागं उभे राहायचे आणि विचारायचे, “काय, भात किती झालं?” ती खरोखरच्या भाताचा हिशेब द्यावा तसा पडद्यातल्या भाताचा हिशेब द्यायची.

शेवटी तिनं मिल्याला बोलावलं. “आता लढाई दाव मला.” मिल्यानं दाखवली. भाले घेतलेली माणसं पूल ओलांडून गेली, तिकडची धावत आली. मार बसलेलं माणूस गुडघ्यावर यायचं, आडवं व्हायचं आणि जमिनीत पाणी जिरावं तसं हळूहळू दिसेनासं व्हायचं. आईनं ते पुन्हा दाखवायला सांगितलं. गालावरून ठोकळा फिरवताना तिचे डोळे बारीक व्हायचे, तसे तेव्हाही झाले होते. मग ती पारूकाकूंकडं गेली.

“चालंल,” ती म्हणाली. “शिव्या न्हाईत, रगत न्हाई, नागडंउघडं काय न्हाई. पोरं मोजायला शिकत्यात, वाट बघायला शिकत्यात. लढाई तेवढी बारक्यांपुढं लावायची न्हाई, ते मिल्याला सांगितलंय. आन् दिवेलागणीला बंद.”

ते दिवस आठवतात ते सलग आठवत नाहीत. उकडलेल्या रताळ्याची वाफ, नव्या इंद्रायणी तांदळाचा घरभर घमघमाट, जमिनीवर पोत्यांच्या घड्यांवर बसलेली पोरं आणि त्यांच्या गालांवर पडलेला निळसर उजेड. मधेच वीज जायची आणि सगळ्यांच्या तोंडून एकच सुस्कारा निघायचा. मग पोरं अंधारलेल्या पडद्याकडं बघत तशीच बसून राहायची, जणू आत माणसं अजून कामं करतायत आणि थोड्या वेळानं दिसणारच आहेत. दिवेलागणीला आई कॉम्प्युटर बंद करायची, पोरांना घराघरांत पाठवायची आणि आम्ही हात जोडून बुद्धवंदनेला बसायचो. वंदना म्हणतानाही माझ्या कानात कुऱ्हाडीची ठक ठक चालूच असायची.

अशा दिवसांत शोभामावशी यशूला घेऊन आली. मावशी आईची धाकटी बहीण, वराळ्याला राहायची. यशू तिची एकुलती एक, अजून पहिलीत न गेलेली. काका, म्हणजे यशूचे वडील, एका कंपनीची बस चालवायचे. त्या पावसाळ्यात ते पहाटे कामावर जाताना मोटारसायकलवरून पडले, हायवेला, आणि गेले. जलदानविधीला आम्ही सगळे वराळ्याला होतो. तेव्हा मावशीनं सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं की यशूला कुणी काही बोलायचं नाही. तिला सांगितलंय, पप्पा लांबच्या ट्रिपला गेलेत. मोठ्यांनी ते मान्य केलं. त्यानंतर मावशी वराळ्यातच एका कंपनीत पॅकिंगला लागली. आता तिला दुपारची पाळी आली होती आणि पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं. “पाळी बदलंस्तवर ऱ्हाऊ दे तुझ्याकडं,” ती आईला म्हणाली. यशूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागं न बघता जीपमध्ये जाऊन बसली.

यशू फार कमी बोलायची. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. ताटात वाढलेलं संपवायची. इतर पोरं पोत्यांवर दाटीवाटीनं बसायची, पण ही मशीनच्या खाली, लोखंडी पायट्यावर पाय ठेवून बसायची आणि मान वर करून पडदा बघायची. गेममध्ये एक गाडीवाला होता. तांबडं पागोटं, एक बैल, लाकडांची गाडी. वस्तीपासून लांब, पडद्याच्या कडेला जंगल होतं, तिथून तो लाकूड भरून आणायचा. जायचा तेव्हा पडद्याबाहेर दिसेनासा व्हायचा. यशू श्वास धरून बसायची. मग कडेला तांबडा ठिपका दिसायचा आणि तिचे पाय पायट्यावर हलायला लागायचे. शिलाई मशीनचं चाक आपलं घर्र घर्र फिरायचं, खाली काही शिवलं जात नसताना. वर गाडी चालायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं की ती गाडी यशूच चालवते आहे.

“त्याला नाव ठेवलंस का?” एकदा आईनं विचारलं. इतर पोरांनी आपापल्या माणसांना नावं ठेवली होती.

“न्हाई,” यशू म्हणाली. “त्याला हाय नाव.” आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मीही तिच्याकडं. मला वाटलं ते तिलाही वाटलं असणार. पण गाडीवाला जायचा आणि दर वेळी परत यायचा, पोर खुशीत होती, पोटभर जेवत होती. आईनं ते तसंच राहू दिलं.

एका दुपारी आई मीटिंगसाठी वडगावला गेली होती. मिल्या खेळत होता आणि आम्ही सगळे बघत होतो. त्यानं लढाई लावली नव्हती, हे मला नक्की आठवतं. ती पलीकडून आली. वस्ती मोठी झाली होती, कोठारं भरली होती, आणि नदीपलीकडच्यांना ते बघवलं नसावं. त्यांची माणसं जंगलाच्या बाजूनं आली, आणि वाटेवर त्यांना पहिला सापडला तो गाडीवाला. बैल थांबला. तांबडं पागोटं आडवं झालं आणि जमिनीत जिरून गेलं. गाडी तेवढी लाकडांसकट वाटेत उभी राहिली.

मशीनचं चाक थांबलं. यशू ओरडली नाही की रडली नाही. ती उठून पडद्याजवळ आली आणि जिथं तो दिसेनासा झाला तिथं तिनं बोट ठेवलं. मिल्या घाबरला. तो काही वाईट मुलगा नव्हता, आईचा नियम आपल्या हातून मोडला की काय असं त्याला वाटलं असावं.

“थांब, यशू,” तो म्हणाला. “आणतो तुझ्या गाडीवाल्याला. मागचं आणतो.”

सकाळी त्यानं डाव जपून ठेवला होता तो त्यानं उघडला. पडदा काळा झाला, परत उजळला. सकाळची वस्ती, सकाळचं ऊन, आणि वस्तीच्या वेशीतून निघालेली गाडी, वर तांबडं पागोटं. यशूनं बोट काढून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर मी त्या दिवसांत पहिल्यांदाच हसू पाहिलं. संध्याकाळी आईला सगळं कळलं तेव्हा तिलाही हायसं वाटलं. ती मिल्याला म्हणाली, “बरं केलंस.”

मग ‘मागचं आण’ या शब्दांनी आमच्या घरात ठाण मांडलं. यशूच्या हातून दूध सांडलं की ती म्हणायची, “मागचं आण.” माझी बांगडी फुटली तेव्हा तिनं तुकडे ओंजळीत घेऊन मिल्याकडं नेले. “दादा, मागचं आण.” आम्ही हसायचो. अण्णांची जीप चुकली तर तेही हसून म्हणायचे, “अरे मिल्या, जरा मागचं आण बाबा.” धुक्यानं भरलेल्या त्या दिवसांत घरातली सगळी माणसं गेममधलीच वाटायची, हलकी, बोटाच्या पेराएवढी, आणि कुणालाच कधी काही होणार नाही अशी.

मावशी तिच्या सुट्टीच्या दिवशी आली. आईनं खेकड्यांचा रस्सा केला होता, तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. आम्ही सगळे गोल करून जेवायला बसलो. यशू मावशीच्या मांडीला चिकटून बसली होती. मावशी तिला खेकड्याची नांगी फोडून देत होती.

“आई,” यशू म्हणाली, “मिल्यादादाला मागचं आणता येतं.”

“कसलं गं मागचं?” मावशी हसत म्हणाली.

“गाडीवाला मेला व्हता. दादानं मागचं आणलं. मंग तो आला परत.” तिनं तोंडातला घास गिळला. “आपुन पन आणू. पप्पा गाडीवरनं पडायच्या आदीचं. मंग त्यांना जाऊच द्यायचं न्हाई कामाला.”

नांगी मावशीच्या हातात तशीच राहिली. अण्णांनी मान खाली घातली.

“पप्पा ट्रिपला गेल्यात, यशू,” मावशी कसंबसं म्हणाली.

“न्हाई. पडलेत. हायवेला.” यशूच्या आवाजात राग नव्हता, भांडण नव्हतं. “मी गोधडीत व्हते तवा सगळ्या बाया बोलत व्हत्या. मला वाटलं आता काय करता येत न्हाई. म्हनून मी तुला इचारलं न्हाई.”

मावशी ताटावरून उठली. हात न धुताच ती मशीनकडं गेली, भिंतीतली वायर ओढून काढली आणि पाठ आमच्याकडं करून उभी राहिली. खिडकीतून उन्हाचा चौकोन तिच्या खांद्यावर पडला होता. मग ती वळली आणि आईला म्हणाली, “अक्का, तू तपासलंवतंस न्हवं हे? तूच सांगितलंवतंस, पोरांना चालतं म्हनून.”

“तपासलंवतं,” आई म्हणाली.

“मंग?”

आईनं ताट बाजूला सारलं. “रगत हाय का बघितलं. शिव्या हायत का बघितलं. मेलेलं माणूस परत आल्यावर आपल्या यशूला काय वाटंल, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई, शोभा. आन् आपुन तिला जे सांगून ठेवलंय, ते बी.”

“मी नेते तिला. आत्ताच्या आत्ता.”

“ने. तुझी लेक हाय. पर जीपमधी ती परत इचारंल तुला. काय सांगशील?”

मावशीनं पिशवीत यशूचे कपडे कोंबायला सुरुवात केली होती. फ्रॉक हातात धरून ती तशीच खाली बसली. आई तिच्याजवळ गेली नाही. का नाही गेली ते मला तेव्हा समजलं नाही, आणि आई निष्ठुर आहे असं वाटून मी तिच्यावर रागावले होते. बऱ्याच वेळानं मावशी उठली, तिनं यशूचे खरकटे हात धुतले आणि म्हणाली, “चल, पान्याकडं जाऊन येऊ.” यशूनं माझं बोट धरलं ते सोडेचना, म्हणून मीही गेले.

कापलेल्या खाचरांतून, बांधाबांधानं आम्ही धरणाच्या काठाला गेलो. भाताची वाळकी बुडखी पायाला टोचत होती. पाणी जराही हलत नव्हतं, त्यात डोंगर उलटा उभा होता. मावशी एका दगडावर बसली आणि तिनं यशूला समोर उभं केलं, दोन्ही खांदे धरून.

“पप्पा वारले,” ती म्हणाली. “ट्रिपला न्हाई गेले. मी तुला खोटं सांगितलं. मला वाटलं तू बारकी हायस.”

“मला म्हाईती हाय,” यशू म्हणाली. “दादा आणंल त्यांना.”

“दादाला गेममधलं आणता येतं. खरंखुरं न्हाई आणता येत त्याला.”

“मंग कुणाला येतं?”

“कुणालाच न्हाई.”

“अण्णांना?”

“न्हाई.”

“तुला?”

“मला येत असतं तर मी पयल्याच दिवशी आणलं असतं, यशू. एक दिवस सुदीक थांबले नसते.”

यशू तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मला वाटलं ती आणखी कुणाचं तरी नाव घेईल. गावातल्या, शाळेतल्या, कंपनीतल्या, कुणाही मोठ्या माणसाचं. तिनं नाही घेतलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मग ती रडायला लागली. कितीतरी महिन्यांचं साठलेलं रडणं होतं ते. मावशीनं तिला पोटाशी धरलं आणि स्वतःही रडली, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. काठावरचे बगळे उडाले आणि लांब जाऊन परत बसले. मी माझं बोट सोडवून घेतलं आणि थोडी बाजूला जाऊन उभी राहिले. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथं होतो. परत येताना यशू मावशीच्या खांद्यावर झोपली होती.

घरी मिल्यानं सीडी कागदात गुंडाळून परत द्यायला हातात घेतली होती. आईनं ती त्याच्या हातातून घेतली आणि परत फळीवर ठेवली. “त्यानं काय वाईट केलंय,” ती म्हणाली. ती सीडीविषयी बोलत होती की मिल्याविषयी, ते तिनं स्पष्ट केलं नाही. पण मिल्या त्या रात्री जेवला.

पारूकाकूंना मात्र आईनं पूर्वीसारखं सरळ उत्तर पुन्हा कधी दिलं नाही. कुणी काही विचारलं की ती आधी उलट विचारायची, पोर कुणाचं, घरी काय चाललंय, बघताना शेजारी कोण बसतं. बायका कंटाळायच्या. त्यांना हो किंवा नाही हवं असायचं. “ताई पयल्यासारख्या ऱ्हायल्या न्हाईत,” असं पारूकाकू माझ्यादेखत म्हणाल्या होत्या. पोरं आली की आता आई स्वतः स्टूल घेऊन पडद्याशेजारी बसायची, पडद्याकडं पाठ करून, पोरांकडं तोंड करून. तांदूळ निवडत निवडत ती त्यांचे चेहरे बघायची. गेम कसा आहे हे कळायला तेवढं पुरतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. जिन्यात थांबवणाऱ्या आयांना मी तेच सांगते, थोडा वेळ पोराकडं तोंड करून बसा. त्यांनाही हो किंवा नाहीच हवं असतं.

पाण्याकडून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी यशूला घेऊन वराळ्याला निघाली. पाळी बदलून मिळेपर्यंत शेजारणीकडं ठेवीन, पण आता जवळ ठेवीन, असं तिनं आईला सांगितलं. त्यांना कामशेतच्या स्टेशनवर पोचवायला मी बरोबर होते. धुकं इतकं दाट होतं की जीपवाल्यानं भरदिवसा दिवे लावले होते. समोरच्या बाकावर बाजाराला निघालेली एक म्हातारी होती, पायांशी वालपापडीची पाटी. आमच्या गावची नव्हती, मधल्या कुठल्या तरी वाडीवरची असावी. ती यशूकडं बघून हसली आणि अशा प्रवासात सगळेच विचारतात तसं तिनं विचारलं.

“नाव काय गं पोरी तुझं?”

“यशोधरा.”

“आन् बाप काय करतो?”

मावशीनं तोंड उघडलं. कितीतरी महिने घोटलेलं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, मला ते दिसलं. पण यशूनं तिच्याकडं पाहिलं नाही.

“माजे पप्पा वारले,” ती म्हणाली. “ते कंपनीची बस चालवायचे. लय चांगली चालवायचे.”

म्हातारीनं पाटीतल्या मूठभर शेंगा काढून यशूच्या ओच्यात टाकल्या. जीप खड्ड्यात आदळली, सगळे हलले, परत सावरून बसले. मावशी खिडकीबाहेर बघत होती, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पांढरं. मग ती यशूला जवळ ओढून म्हातारीकडं वळली.

“संजय नाव व्हतं त्यांचं,” ती म्हणाली. “पयल्या दिवशी नवी बस हातात मिळाली तवा कंपनीत न नेता आदी आमच्या दारात घेऊन आलेवते. समद्या आळीला फेरी मारली.”

“मी पुढं बसलेवते,” यशू म्हणाली.

“व्हय,” मावशी म्हणाली, “तू पुढं बसलीवतीस. आन् भोंगा तूच वाजवत व्हतीस.”

काका गेल्यापासून त्यांचं नाव मावशीच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कामशेत येईपर्यंत त्या दोघी, एकमेकींचं बोलणं पुरं करत, त्या अनोळखी म्हातारीला काकांच्या गोष्टी सांगत होत्या.